वजाबाकीचा ऑक्सिजन

महोत्सवी स्मरणिकेत सहली आणि स्नेहसंमेलनांवर लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी रसायनशास्त्राच्या तासाकडे वळतो.

आमच्या सरांनी साखरेत तापवून कोरडा केलेला काळा कॉपर ऑक्साइड मिसळला आणि परीक्षानळी ज्योतीवर धरली. नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमले, बाहेर आलेल्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ झाली. साखरेत हायड्रोजन आहे, कार्बन आहे, एवढं सिद्ध झालं. "पण किती?" सरांचा खरा तास इथून सुरू व्हायचा.

पुढचं उपकरण शाळेत नव्हतं, ते फळ्यावर होतं. पदार्थ तोलून ऑक्सिजनच्या प्रवाहात पूर्ण जाळायचा. निघालेले वायू आधी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून न्यायचे, ती पाणी धरते. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून, ते कार्बन डायऑक्साइड धरतं. दोन्हींचं वजन आधी आणि नंतर. हा क्रम उलटा का चालत नाही, हे सर आमच्याकडूनच वदवून घेत: हायड्रॉक्साइड पाणीही शोषतो, मग कोणाचं वजन किती, कसं कळणार? हायड्रॉक्साइड ठेवायला जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८३१ मध्ये पाच फुग्यांची काचेची नळी वापरली. फळ्यावर ती काढताना सरांचा एखादा फुगा हमखास वाकडा यायचा.

एक गणित मला अजून तोंडपाठ आहे. ०.३० ग्रॅम पदार्थ जाळून ०.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.१८ ग्रॅम पाणी मिळालं. पहिल्याचे १२/४४ म्हणजे ०.१२ ग्रॅम कार्बन, दुसऱ्याचे २/१८ म्हणजे ०.०२ ग्रॅम हायड्रोजन. दुसरं मूलद्रव्य नसेल, तर उरलेला ०.१६ ग्रॅम ऑक्सिजन. प्रत्येक वजनाला त्या-त्या अणुभाराने भागलं की कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनच्या अणूंचं प्रमाण १:२:१. आम्ही खुशीत "ग्लुकोज!" म्हणालो. सर म्हणाले, "व्हिनेगरमधलं आम्ल का नाही?" दोन्हींचं प्रमाण तंतोतंत तेच, रेणुभार कळल्याशिवाय निवाडा नाही.

मला मात्र ऑक्सिजनची दया यायची. जाळायला बाहेरूनही ऑक्सिजनच दिलेला, त्यामुळे पदार्थातला वेगळा पकडता येत नाही. कार्बन-हायड्रोजन मोजताना झालेली प्रत्येक चूक त्याच्याच खात्यावर.

पुढे नोकरीत याच कामाचं स्वयंचलित यंत्र हाताळलं. दोन-तीन मिलिग्रॅम नमुना कथिलाच्या इवल्या डबीत बंद करून टाकला की काही मिनिटांत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचे आकडे येतात. ऑक्सिजन हवा असेल, तर वेगळी चाचणी लावावी लागते. बहुतेक जण वजाबाकीच करतात.