तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रज नसताना इटालियन लोकांना इंग्रजी कशी शिकवते?

"तू काही इंग्रज नाहीस, मग इटालियन लोकांना बिझनेस इंग्रजी तू कशी काय शिकवतेस?" पुण्यातले नातेवाईक विचारतात, इथे इटलीत बोलोन्यातले मराठी लोक विचारतात, आणि फी ठरवायची वेळ आली की कंपन्यांचे एचआरवालेही जरा आडून हेच विचारतात. माझ्यापेक्षा उच्चार चांगले असलेले इंग्रज शिक्षक इथे मिळतात, हे मला मान्य आहे.

इथे पॅकेजिंगची मशीन्स बनतात, जवळच्या सासुओलोत फरशा बनतात. पण ती विकणाऱ्यांसमोर इंग्रज क्वचितच बसलेला असतो. समोर पोलिश असतो, तुर्की असतो, गुजरातमधल्या मोरबीचा फरशांचा कारखानदार असतो. इंग्रजी दोघांचीही उसनी. इथे येण्याआधी मी रांजणगाव एमआयडीसीत परचेसला होते आणि इटालियन व्हेंडर माझ्यासमोर बसायचे. पहिल्याच बैठकीत कोणी 'लास्ट प्राइस' म्हणाला की अजून बरीच जागा आहे हे मला कळायचं. विकणाऱ्याचं इंग्रजी घेणाऱ्याच्या कानाला कसं लागतं, ते मी तिथे शिकले.

माझ्याकडे एक गृहस्थ शिकायचे. साठीला आलेले, मशीनच्या कारखान्यात सेल्स बघणारे, मशीनचा बोल्ट न् बोल्ट माहीत असलेले. एका स्वीडिश खरेदीदाराशी त्यांचा व्हिडिओ कॉल होता. मी बाजूला बसून फक्त ऐकायचं असं आधीच ठरलं होतं. किंमत बजेटच्या बाहेर जातेय, एवढंच खरेदीदार म्हणाला. सवलत त्याने मागितलीच नव्हती. त्या किमतीत चेंज पार्ट्सचा (म्हणजे पाकिटाचा आकार बदलला की मशीनला बदलून लावायच्या भागांचा) जादा सेट होता, इन्स्टॉलेशनला दोन आठवडे माणूस होता, ट्रेनिंग होतं. यातलं काहीतरी कमी करून किंमत खाली आणता आली असती. पण ते इंग्रजीत जुळवता येईना. ते म्हणाले, "ओके, फाइव्ह पर्सेंट." पलीकडून काहीच नाही. खरेदीदार मान खाली घालून लिहीत होता. यांना तो नकार वाटला. "सेव्हन." तरी काही नाही. "टेन, बट दिस इज द लास्ट." मग त्याने वर पाहिलं आणि आभार मानले.

कॉल संपल्यावर कॉफी मशीनपाशी त्यांनी मला इटालियनमध्ये सगळं सांगितलं: कोणता सेट काढायचा, अ‍ॅडव्हान्स 30 वरून 40 टक्क्यांवर नेला तर किती सोडता येतं, फॅक्टरी टेस्टची तारीख कशी बांधून घ्यायची. एक शब्द अडला नाही. मग म्हणाले, "तुम्हाला येत होतं. तुम्ही बोलू शकला असतात." मी बोलले नाही, कारण सौदा माझा नव्हता, आणि त्यांच्याच गिऱ्हाइकासमोर त्यांना थांबवणं म्हणजे त्यांचा मान काढून घेणं होतं. आजही मी हेच म्हणते. आणि हे म्हणताना मला बरं वाटत नाही, हेही खरं.

तेव्हापासून वर्गात सगळ्यात आधी वेळ मिळवून देणारी वाक्यं येतात. 'बिफोर आय आन्सर, कॅन आय आस्क वॉट युवर बजेट कव्हर्स?' 'लेट मी चेक अँड कम बॅक टू यू टुमॉरो.' मग अट. काहीही सोडायचं असेल तर आधी 'इफ यू', नंतर 'वी': 'इफ यू कन्फर्म बाय फ्रायडे, वी कॅन लुक अ‍ॅट द प्राइस.' आणि एवढं बोलून गप्प बसायचं. इथल्या गप्पांत एक थांबला की दुसरा लगेच ती जागा भरतो, आणि सौद्यात हीच सवय महाग पडते. आकडा लिहूनही दाखवायचा, कारण इटलीत हजारांना टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. 'एक्स वर्क्स', म्हणजे माल आमच्या कारखान्याच्या दारातून घेऊन जा, असं म्हणून हातही झटकायचे नाहीत. त्यात एक्सपोर्ट क्लिअरन्ससुद्धा खरेदीदाराच्या गळ्यात पडतो. 'एफसीए', म्हणजे खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे माल सोपवायचा, असं दिलं तर ती जबाबदारी आपली, आणि तिच्या बदल्यात काहीतरी मागता येतं.

सुरुवातीची मी हे ऐकून भांडली असती. आधी व्याकरण पक्कं करा, पाठ केलेलं वाक्य संपलं की माणूस पुन्हा तिथेच अडतो, असं ती म्हणायची. तिचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. तिचा दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता: आयुष्यभर मशीन विकलेल्या माणसाने या वयात इंग्रजीत चाचपडायचंच कशाला, कंपनीने दुभाषी का देऊ नये? दर कॉलला दुभाषी कोणी देत नाही, आणि दिला तरी त्याला चेंज पार्ट्स कळत नाहीत. हे उत्तर व्यवहाराचं आहे, न्यायाचं नाही. तरी सोमवारच्या बॅचला मी 'इफ यू'च घेणार आहे. ज्यांना उच्चार सुधारायचे असतील त्यांना मी इंग्रज शिक्षकांचे नंबर देते, पूर्वीही देत होते.