मोंगमधली आत्या डॅनिशमध्ये मावशी

पुण्यातल्या एका लोकलायझेशन कंपनीत, म्हणजे मजकूर वेगवेगळ्या भाषांत नेणाऱ्या कंपनीत, मी क्यूए, म्हणजे फाइलींची शेवटची तपासणी, बघतो. मला मोंग, म्हणजे लाओससारख्या देशांतल्या मोंग लोकांची भाषा, येत नाही आणि डॅनिशही येत नाही. बाहेरच्यांना हे विनोदी वाटतं, पण आमचं काम भाषा बघायचं नसतंच. आकडे जुळतात का, टॅग (मजकुरात गुंतलेली कोडची खूण) तुटला का, एखादी ओळ गाळली का, एवढंच बघायचं. भाषा बघणारे वेगळे.

हे काम रोजच्या वाक्यांचं होतं. दवाखाना, शाळा, दुकान यांत लागणारी वाक्यं, मोंगमधून डॅनिशमध्ये. थेट करणारा कोणी मिळाला नाही. १९७५ नंतर लाओस सोडलेले मोंग मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, त्यामुळे मोंग-इंग्रजी जोडीला माणसं मिळतात. मग नेहमीचा मार्ग: अमेरिकेतल्या सेंट पॉलच्या एका बाईंनी मोंगचं इंग्रजी केलं आणि डेन्मार्कमधल्या आरहूसच्या एका गृहस्थांनी त्या इंग्रजीचं डॅनिश. फाइल माझ्याकडे आली तेव्हा सगळे टिक हिरवे होते.

दवाखान्याच्या भागात घराण्यातल्या आजारांची वाक्यं होती. तिथे दोन ओळींचं डॅनिश अक्षर न् अक्षर सारखं, पण मोंगच्या रकान्यात मजकूर वेगवेगळा. मोंग रोमन लिपीत लिहितात. शब्दाच्या शेवटचं अक्षर बहुधा उच्चारायचं नसतं, ते फक्त सूर दाखवतं. त्यामुळे एका अक्षराचाही फरक मी हलका धरत नाही. इथे तर अख्खा शब्दच वेगळा होता.

संध्याकाळी साडेसातला कॉल लावला. तेव्हा सेंट पॉलला सकाळचे नऊ, आरहूसला दुपारचे चार. बाई म्हणाल्या, ‘‘एक वडिलांची बहीण, फाउ. दुसरी आईची बहीण.’’ इंग्रजीत दोघी ‘अँट’. आरहूसचे गृहस्थ वैतागून म्हणाले, ‘‘मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कुणाकडची? आमच्याकडे वडिलांची बहीण फास्टर, आईची बहीण मोस्टर.’’ त्यांची क्वेरी मी शोधली. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने तीवर उत्तर दिलं होतं: ‘सोर्सप्रमाणे करा.’ त्याच्या लेखी सोर्स, म्हणजे मूळ मजकूर, इंग्रजीच. मोंगचा रकाना त्याने डॅनिशवाल्यांच्या फाइलमधून लपवून टाकला होता, ‘गोंधळ नको’ म्हणून!

गृहस्थांनी पहिल्या ओळीत अंदाजाने मोस्टर लिहिलं. ती ओळ खरोखर मावशीचीच होती. पण दुसरी ओळ, आत्याची, इंग्रजीत हुबेहूब तीच. भाषांतराच्या टूलने तिला रिपिटिशन, म्हणजे आधीच्याच वाक्याची पुनरावृत्ती, ठरवलं आणि वरचं भाषांतर आपोआप भरून कुलूप लावलं. रिपिटिशनला आमच्याकडे जवळजवळ पैसे नाहीत, म्हणून ती कोणी उघडतही नाही. म्हणजे वडिलांच्या बहिणीचा मधुमेह डॉक्टरांपुढे आईच्या माहेरी जमा.

राग याचा आला की ही नाती दोन्ही टोकांना शाबूत होती. मोंगमध्ये मामाला दा लाउ, डॅनिशमध्ये मोरब्रोर. मोंगमध्ये वडिलांची आई पॉ, डॅनिशमध्ये फारमोर. आणि ज्या ऑफिसमध्ये ‘अँट म्हणजे अँट’ म्हणून फाइल पुढे गेली, तिथे प्रत्येकाला आत्या कोण आणि मावशी कोण हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक.

मी सगळ्या नात्यांच्या ओळींची कुलपं काढली आणि शेजारी टीपेचा रकाना घातला. ‘फादर्स सिस्टर’ वगैरे क्लायंटसाठी, आणि कंसात आमच्या टीमसाठी सरळ मराठी: आत्या, मामा, काका. काकांपाशी अडलो. मोंगमध्ये वडिलांचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा. डॅनिशमध्ये दोघेही फारब्रोर. ते तसंच सोडलं, बाईंची हरकत नव्हती. गृहस्थांनी ओळी पुन्हा केल्या, फुकट. त्यांच्या त्या तासाचे पैसे मागितले तर मॅनेजर म्हणाला, ‘‘रिपिटिशनला रेट कुठून आणू?’’

फाइल दुरुस्त होऊन गेली. पण ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे जुनी भाषांतरं जपून पुढे आपोआप सुचवणारा साठा, इंग्रजी-डॅनिश जोडीची आहे, तिला मूळ वाक्य मोंग होतं हे कळत नाही. तिच्यात ‘अँट’च्या वाक्यापुढे मोस्टर तसंच आहे, शंभर टक्के मॅच म्हणून. काढायला परवानगी लागते, ती मागून ठेवलीय. पुढचं काम अरबीचं आहे, तेही इंग्रजीवरूनच डॅनिशमध्ये जाणार. अरबीत आत्या अम्मा आणि मावशी खाला.