मोटर जळली म्हणून चंद्रपूर पाहिलं

महिनाभर आभाळाकडं पाहिलं, धानाचे पऱ्हे (रोपं) वाळायला आले, तेव्हा नेमकी पाण्याची मोटर जळली. काल ती घेऊन चंद्रपूरला गेलो तर जटपुऱ्यापाशीच पाण्यानं गाठलं. आता हसावं का रडावं! वाइंडिंगवाले भाऊ म्हणाले, "चारले या." घड्याळात अकरा. सोबत भाचा.

मग काय, छत्री एक आणि डोकी दोन. जटपुरा गेटच्या कमानीत उभे राहिलो. इतकी वर्षं इथून गेलो, पण मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं. भाच्यानं विचारलं, "मामा, हा सिंह हत्तीवर कसा काय चढला जी?" गोंड राजांचं चिन्ह आहे ते. ओल्या दगडावर अजूनच उठून दिसत होतं. शहराभोवतीच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे, एवढं मला ठाऊक होतं. 1818 साली इंग्रजांनी किल्ला घेतला, हेही सांगून टाकलं.

तिथून ऑटोनं अंचलेश्वराचं मंदिर. शेजारीच राणी हिराईनं नवऱ्यासाठी, बीरशहासाठी बांधलेली समाधी. आत माणूस नाही. घुमटाखाली कोरडं, बाहेर धो धो. एक कुत्रं आधीच जागा धरून बसलेलं, त्यानं आम्हाला थोडी दिली. नवऱ्यांनी बायकांसाठी बांधलेल्याचेच फोटो आपण काढत फिरतो, हे तिथं बसल्या बसल्या मनात आलं.

नंतर तर्री-पोहा, दोन प्लेट. तर्री जहाल.

साडेपाचला मोटर मिळाली. गावात आलो तर धानाच्या बांध्या पाण्यानं तुडुंब. मोटर सध्या पडवीत पोत्याखाली झोपली आहे.