थांब माय, ते सरबत नाहीये!

मे महिन्यात आमचं जळगाव म्हणजे नुसती भट्टी, पारा ४५ च्या आसपास, त्यात बहिणीच्या दोन वर्षांच्या पोराला जुलाब लागले आणि ती घाबरून ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी, करत बसली, अर्धं पाकीट एकाच पेल्यात! नर्सची बहीण आणि हे असं. मोठं पाकीट साधारण २०.५ ग्रॅमचं, ते अख्खं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायचं, कमी पाण्यात केलं तर मीठ जास्त होतं न पोराला उलट त्रास. २०० मिलीवाली छोटी पाकिटं पण मिळतात, म्हणून पाकिटामागचं वाचाच. उरलेलं २४ तासांनी फेका.

आजीचं तिसरंच, "पानी नका देऊ, आखो जुलाब व्हतीन." आता तिला काय सांगणार, की साखर असली की आतडं मीठ आणि पाणी ओढून घेतं, जुलाब चालू असले तरी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावजवळच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन कमी पडलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या पेशंटना हेच पाजून कितीतरी जीव वाचवले.

ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत हां, ते पाणी भरून काढायला असतं. सोबत डॉक्टर झिंक देतात, ते १४ दिवस पूर्ण करा, लोक तिसऱ्या दिवशीच बंद करतात. ओकलं तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पाजा. पण पोरगं सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पीतच नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर सरळ दवाखाना.

आमचा पठ्ठ्या संध्याकाळी कळण्याची भाकरी मागत होता.