धारदार शस्त्र असताना पापणी पानाने का खरवडायची?

सुश्रुतसंहितेवर, म्हणजे शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्राचीन आयुर्वेद ग्रंथावर, बोलल्यानंतर मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा, की लोखंडाची शस्त्रे घडवणारे वैद्य रोगट पापणी आतून खरवडायला झाडाची पाने का वापरत असत. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहितो.

शस्त्रे नव्हती म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागातील आठव्या अध्यायात मंडलाग्र आणि करपत्र ही शस्त्रे छेदनासाठी (कापण्यासाठी) व लेखनासाठी, म्हणजेच खरवडण्यासाठी, स्पष्ट सांगितली आहेत. बांबूची चीप, स्फटिक, काच हे पर्याय तेथे लहान मुले, शस्त्राला भिणारे रुग्ण आणि शस्त्राचा अभाव यांच्यासाठी आहेत. पाने मात्र जागा पाहून सांगितली आहेत: तोंडातील आणि पापणीच्या आतील रोगांत गोजी, शेफालिका आणि शाक यांच्या पानांनी स्राव काढावा. शेफालिका म्हणजे आपला पारिजातक आणि शाक म्हणजे साग. पारिजातकाच्या पानावरून बोट उलटे फिरवून पाहा, बारीक पॉलिश पेपरच वाटेल. असे पान वरचा थर सोलते, पण खोल रुतत नाही, आणि मला वाटते निवडीचे कारण हेच असावे.

याच ग्रंथाच्या उत्तरतंत्र या भागातील तेराव्या अध्यायात या क्रियेचा पूर्ण विधी आहे. वारा नसलेल्या जागी रुग्णाला ठेवून, गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाने पापणी शेकून, ती डाव्या हाताने उलटवून, पुसून घेऊन शस्त्राने किंवा पानांनी खरवडायचे. रक्त थांबल्यावर पुन्हा शेकून मनशीळ, हिराकस, सैंधव वगैरेंचे चूर्ण मधातून चोळायचे, कोमट पाण्याने धुऊन तूप लावायचे. नीट झाल्याची खूणही दिली आहे: रक्त व स्राव नाही, खाज आणि सूज नाही, आणि पापणीचा आतला भाग नखासारखा समतल. जास्त खरवडले तर पापणी बाहेर वळते, हेही बजावले आहे. शिष्यांना हा सराव केसाळ, ताणलेल्या कातड्यावर करायला लावत. कापण्यासाठी कोहळा, भोपळा, काकडी अशी फळे चालत, पण खरवडण्याचा दाब फळावर कळणार कसा?

वैद्यकावर लिहिणाऱ्या प्राचीन रोमच्या सेल्ससनेही खरबरीत पापण्यांसाठी अंजिराचे पान वापरणाऱ्यांचा उल्लेख केला आहे, त्यामुळे ही युक्ती केवळ आपलीच असे मी म्हणणार नाही.

सुश्रुतसंहितेतील पापणीच्या रोगांपैकी पोथकी हा बहुधा ट्रॅकोमा, म्हणजे डोळ्यांचा एक जंतुसंसर्ग, असावा, असे मानले जाते. त्यावर आज प्रतिजैविके आहेत, आणि 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही भारतातील सार्वजनिक आरोग्यसमस्या संपल्याचे मान्य केले. तेव्हा अंगणातील पारिजातकाचे पान कृपया डोळ्याजवळ नेऊ नका.