यंत्राच्या लेखी मी कामावर नव्हते

बुधवार, रात्री

काल झोपण्यापूर्वी मॉडेल चालू करून ठेवलं होतं. पावसाच्या जुन्या नोंदींवरून नदीची पातळी कशी चढेल, याचं गणित आहे ते. एकच गणित थोडंथोडं बदलून शेकडो वेळा करायचं आणि सगळ्या उत्तरांवरून अंदाज बांधायचा. त्याला अख्खी रात्र लागते. लॅपटॉप चार्जरला लावलेला होता, स्लीप बंद केलं होतं, पंख्याची घरघर शेजारच्या खोलीपर्यंत येत होती. सकाळी पाहिलं तर समोर पासवर्ड विचारणारा पडदा. आत गेले, तर सगळ्या विंडो बंद, गणित कुठेतरी अर्ध्यावर तुटलेलं आणि कोपऱ्यात अपडेट पूर्ण झाल्याची सूचना. त्यासाठी रात्री लॅपटॉप स्वतःहून रीस्टार्ट झाला होता.

गणित पुन्हा लावता येतं, आज लावलंही आहे. तरी दिवसभर मनात जो संताप साचून राहिलाय, तो एका वाया गेलेल्या रात्रीपुरता नाही. प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालला होता, मेमरी काठोकाठ भरलेली होती. एवढं सगळं चालू असताना ते यंत्र 'रिकामं' ठरलं, कारण कीबोर्डला कुणाचं बोट लागत नव्हतं. समोर माणूस बसलेला नाही म्हणजे काम चाललेलं नाही, हा निष्कर्ष कुणीतरी विचार करून त्या प्रोग्रॅममध्ये लिहिला आहे. लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे दिवसा टाइप करणारा आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटून ठेवणारा माणूस असणार. रात्रभर व्हिडिओ रेंडर होऊ देणारा, संथ इंटरनेटवरून एखादी प्रचंड फाइल चढवत ठेवणारा, माझ्यासारखा गणित लावून झोपणारा माणूस त्यांना दिसलाच नाही. आमचं काम बहुतेक वेळा आम्ही खुर्चीत नसतानाच होतं.

ऑगस्ट २०१६ मधल्या अपडेटबरोबर विंडोज १० मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' ही सेटिंग आली. आपण कामाचे तास सांगायचे, त्या तासांत रीस्टार्ट होणार नाही. सुरुवातीला हे तास जास्तीत जास्त १२ ठेवता येत, पुढच्या वर्षी ती मर्यादा १८ वर नेली. बरं पाऊल होतं, ते मान्य करायलाच हवं. पण चोवीस तास आपले ठेवायची मुभा नाही. उरलेले सहा तास यंत्राचे. आणि बहुतेक माणसं ते सहा तास रात्रीचेच देणार. फोनचंही तेच. चार्जिंगला लावून आपण झोपलो, की ती वेळ त्याला सोयीची वाटते.

गुरुवार

एका मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, अपडेट बंदच करून टाक ना." त्याने स्वतः तसंच केलंय. मला ते पटत नाही, आणि माझा राग त्याच्या बाजूने मोजला जावा असंही मला वाटत नाही.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. यंत्रातल्या फाइली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून जास्त संगणकांना त्याने गाठलं. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांना त्याचा जबर फटका बसला. अंदाजे १९,००० तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, असं तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवलं. ज्या भोकातून तो प्रोग्रॅम आत शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. जवळजवळ दोन महिने आधी. आणि हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे यंत्रायंत्रांतून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, पसरला, त्याचीही दुरुस्ती जुलैमध्ये आलेली होती. ब्लास्टरच्या अनुभवानंतर २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने आपोआप अपडेट चालू करायचा आग्रह धरला. सक्तीची मुळं तिथे आहेत, आणि ती भीती खरी होती.

शिवाय दुरुस्ती बाहेर पडली, की तिच्यावरून मूळ भोक कुठे होतं हे उलगडता येतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक पाहणारे लोक त्याच दिवशी कामाला लागतात. म्हणजे अपडेट जाहीर झाल्यानंतरचे दिवस जास्त धोक्याचे. हे सगळं मला माहीत आहे, आणि म्हणूनच मी अपडेट टाळत नाही. मला फक्त तास ठरवू द्या. उद्या दुपारी जेवणाच्या वेळी कर म्हणाले, तर त्या काही तासांत जग बुडणार नाही. सूचना आधी येऊन गेलेली असते, असं कुणी म्हणेल. येते. कामाच्या ऐन मध्यावर, दोन बटणं घेऊन येते: आता किंवा नंतर. 'नंतर' कधी, ते तिलाच ठरवायचं असतं.

आज हातात घेतलेला परिच्छेद लिहून झाला नाही. मी परवा संध्याकाळी स्क्रीनवर काही गोष्टी मुद्दाम एकमेकींशेजारी मांडल्या होत्या. डावीकडे एका जुन्या पुराचा आलेख, त्याच्या खाली त्याच आठवड्यातल्या पावसाच्या नोंदी, उजवीकडे एका शोधनिबंधाचं मधलंच पान, आणि एका कोपऱ्यात नोटपॅडवर दोन ओळी. हल्ली बरेच प्रोग्रॅम फाइली परत उघडून देतात, न साठवलेला मजकूरही सावरतात. काल सकाळी त्या दोन ओळी परत मिळाल्याही. पण तो आलेख त्या पानाशेजारी मी का ठेवला होता, ते मला अजून आठवलेलं नाही. काहीतरी दिसलं होतं. पाणी चढण्याचा वेग आणि त्या पानावरचं एक समीकरण यांच्यात काहीतरी जुळत होतं. सुया काढून घेतलेल्या विणकामासारखं झालंय. लोकर सगळी तिथेच आहे, टाके सुटलेत.

याची भरपाई कुठल्याच 'रिकव्हर' बटणात नाही. म्हणून "सेव्ह केलं होतंस ना, मग काय गेलं?" हा प्रश्न ऐकला की मला उत्तर द्यावंसंच वाटत नाही.

शुक्रवार

रीस्टार्ट लागतोच का, हे आज जरा नीट समजून घेतलं. विंडोजमध्ये एखादी फाइल वापरात असली, की ती सहसा कुलूपबंद असते. तिच्या जागी नवी ठेवता येत नाही. म्हणून नवी फाइल बाजूला ठेवून नोंद केली जाते, आणि यंत्र पुन्हा सुरू होताना, जुन्या फाइलवर कुणाचाच हात नसताना, अदलाबदल होते. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या प्रणालीत चालू प्रोग्रॅम जुनी प्रत धरून राहतो, आणि नव्याने सुरू होणाऱ्याला नवी मिळते. त्यामुळे बरंच काम चालत्या यंत्रात उरकतं. गाभा, म्हणजे कर्नल बदलायचा तर तिथेही एरवी रीस्टार्ट लागतो. पण उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकारातली आपोआप अपडेट करणारी सोय मुळात रीस्टार्ट करत नाही, 'रीस्टार्ट हवाय' एवढी खूण ठेवून थांबते. चालत्या कर्नललाच ठिगळ लावण्याची सोयसुद्धा २०१५ च्या एप्रिलमध्ये, ४.० या आवृत्तीत, मूळ लिनक्समध्ये आली. अँड्रॉइडने २०१६ मध्ये, सातव्या आवृत्तीपासून, प्रणालीच्या दोन प्रती ठेवायची पद्धत आणली. आपण एकीवर काम करत असतो तेव्हा अपडेट दुसरीवर लिहिलं जातं, आणि पुढचा रीस्टार्ट म्हणजे फक्त या प्रतीवरून त्या प्रतीवर जाणं. नवी नीट उठली नाही, तर जुनी असतेच.

इतकं डोकं लावून माणसांनी हे प्रश्न सोडवलेत, याचा मला खरंच आनंद झाला. म्हणजे 'पर्याय नाही' हे खरं नाही. 'तयार होतंय, बंद करू नका' असं सांगत तासभर अडकवून ठेवणारा पडदा तांत्रिकदृष्ट्या अटळ नाही. निघायची घाई असताना लॅपटॉप मिटायला गेलं आणि तोच पडदा समोर आला, की काय करायचं? बॅटरी संपत आलेली असते, ऑनलाइन परीक्षेची किंवा मुलाखतीची वेळ झालेली असते. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या अंध माणसाला तर अशा वेळी पडद्यावर काय चाललंय, हेही कळत नाही, कारण वाचून दाखवणारा प्रोग्रॅमच अजून सुरू झालेला नसतो. मोजूनमापून इंटरनेट वापरणाऱ्याचा डेटा आधीच डाउनलोडमध्ये गेलेला असतो.

आणि विश्वास? २०१६ च्या उन्हाळ्यात विंडोज १० कडे नेणाऱ्या खिडकीवरची फुली दाबली, तरी अपग्रेडची ठरलेली वेळ रद्द होत नव्हती. खिडकी बंद करणं म्हणजे होकार. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ते बदललं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंना, नको असलेल्या अपग्रेडने कामाचा संगणक बिघडवला म्हणून, मायक्रोसॉफ्टला १०,००० डॉलर द्यावे लागले. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या अपडेटने काही जणांच्या कागदपत्रांच्या फाइलीच पुसल्या. ते काही दिवसांत मागे घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपोआप जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. विमानं अडकली, रुग्णालयं अडकली. ते प्रणालीचं अपडेट नव्हतं, पण रीत तीच: सगळीकडे एकाच वेळी, कुणालाही न विचारता.

हे सगळं ज्याने पाहिलंय, तो माझा मित्र अपडेट बंद करून बसला तर त्याला मी अडाणी म्हणणार नाही. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी सजावट एकाच गाठोड्यात बांधून दारात ठेवली, की माणूस सजावटीला कंटाळून दुरुस्तीही नाकारतो. मेन्यूची जागा बदलली, आपण मुद्दाम बंद केलेली गोष्ट परत चालू झाली, कुणी न मागितलेलं एक बटण खालच्या पट्टीवर येऊन बसलं. प्रत्येक वेळी थोडा विश्वास उडतो. मग एक दिवस खरीच तातडीची दुरुस्ती येते, आणि तिच्याकडेही त्याच नजरेने पाहिलं जातं. सक्तीमुळे लोक सुरक्षित होतात, हा दावा मला म्हणूनच अर्धा वाटतो. काही सुरक्षित होतात, आणि काही कायमचे दार लावून घेतात.

रविवार

बुधवारी पुन्हा लावलेलं गणित पुरं झालंय. आकडे बरे आहेत, एका ठिकाणी पातळी अपेक्षेपेक्षा लवकर चढते, ते तपासायला हवं.

काल बसून मॉडेलच्या कोडमध्ये बदल केला. प्रत्येक फेरी संपली की तिचं उत्तर लगेच डिस्कवर लिहिलं जाईल आणि मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होईल. मोठ्या गणितांना हे केव्हाही चांगलंच, वीज जाऊ शकते, डिस्क बिघडू शकते. पण माझा अर्धा शनिवार स्वतःच्याच यंत्रापासून बचाव करण्यात गेला, याचं वाईट वाटतं. विंडोजमध्ये मे २०१९ पासून घरगुती वापराच्या होम आवृत्तीलाही अपडेट थांबवून ठेवता येतात, सलग ३५ दिवसांपर्यंत. त्यानंतर आधीची घ्यावीच लागतात. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या येतात, हे २००३ पासून ठरलेलं आहे, त्यामुळे निदान आठवडा तरी आधी कळतो. आता त्या आठवड्यात रात्रीचं मोठं काम लावायचं नाही, असं मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र आज वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. २०१५ मध्ये विंडोज १० आलं, तेव्हा प्रो आवृत्तीला काही अपडेट पुढे ढकलता येत होती, होम आवृत्तीला नाही. आता विंडोज ११ च्या एंटरप्राइझ आवृत्तीत २०२५ च्या एप्रिलपासून 'हॉटपॅच' आहे. बहुतेक महिन्यांची सुरक्षा दुरुस्ती चालत्या यंत्रातच बसते आणि ठरलेले रीस्टार्ट वर्षाला बारांऐवजी चारच उरतात. म्हणजे सुरक्षा आणि सलग काम, दोन्ही एकत्र देता येतं. दिलंही जातं. पण ते मिळतं मोठ्या संस्थांना, ज्यांच्याकडे अपडेट सांभाळायला पगारी माणसं असतात, आधी चार यंत्रांवर करून बघायची सोय असते, एक लॅपटॉप अडला तर दुसरा असतो. घरी एकट्याने काम करणाऱ्याजवळ यांतलं काहीच नसतं, आणि रीस्टार्टची वेळ ठरवायचा हक्क सगळ्यात कमी त्यालाच आहे. ही सोय आधी त्याला द्यायला हवी होती. निदान प्रोसेसर रात्री दोन वाजता पूर्ण ताकदीने चालू असेल, तर थांबून सकाळी विचारायचं, एवढं तरी. बॅटरी किती उरली हे यंत्र पाहतंच. प्रोसेसर काय करतोय, हेही त्याला दिसतं.