नळीतली २० मिनिटं

कोजागिरीचा दुसरा दिवस, दुपार

नाईट करून आले, आंघोळ झाली, पेज पोटात गेली, तरी डोळा लागत नाही.

काल साडेआठला एक आजी आल्या. कापलेल्या भाताचे भारे बांधताना पायाला फुरसं चावलेलं. अशा वेळी आम्ही कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतो आणि २० मिनिटं नळीला हात लावत नाही. मग ती तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय, लगेच एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू. फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच काढून घेतं.

नोकरीला लागले तेव्हा ही २० मिनिटं मी पेशंटचा हात धरून बसायचे. गाव कुठलं, शेत किती, मुंबईला कोण असतं. घाबरलेलं माणूस बोललं की जरा निवतं. काल मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. मुलगा रडवेला होऊन काहीतरी विचारत होता, त्याला "बाहेर थांबा" म्हणून ओरडले. रक्त पातळच राहिलं. नऊला एएसव्ही लावलं, रिअॅक्शन येते का बघत राहिले, दर थोड्या वेळाने बीपी लिहिलं. कामात काही चुकलं नाही.

मग आजी म्हणाल्या, "चेडवा, तू जेवलंस काय गो?"

मी उत्तरही दिलं नाही.

नुसता थकवा मला ओळखीचा आहे. पावसाळाभर लेप्टोच्या तापाचे पेशंट, वॉर्डात एकटी सिस्टर, रिकाम्या जागा तशाच. वाटायचं, दोन दिवस झोपले की उतरेल. पण हे वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या, कुणी आवर न घातलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. तिच्या तीन खुणा: अंगातलं बळ संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मधली वाचताना मला आजींचा चेहरा दिसला. आणि लेकीचाही. परवा ती म्हणाली, "आई, तू हं म्हणतेस, पण ऐकत नाहीस." घरीसुद्धा मी नळीकडेच बघत असते बहुतेक.

पहाटे तीनला पुन्हा रक्त घेतलं, ते गोठलं. हँडओव्हर देताना आजींचं नाव केसपेपर बघून सांगावं लागलं.

आज सलग सहावी नाईट लावलीय. पाचला मॅडमना फोन करून सांगणार आहे, ही मला जमणार नाही. आणि आजींना भेटायला जाणार आहे, युनिफॉर्म न घालता.